दीपकच्या गाडीचा नंबर

लालबाग
२ डिसेंबर २०२४

आत्या, नमस्कार.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहिते. व्हॉट्सॲप केला असता, पण तुझा फोन तो शेजारचा अजित वाचून दाखवतो, आणि तो ओटीवर सगळ्यांसमोर वाचतो. हे सगळ्यांसमोर वाचायचं नाही. माझं शिक्षण तुला माहीत आहे, चुकलं तर समजून घे.

प्राचीला सातवा लागला. खालचे दोन दात आलेत. खोली तू ठेवून गेलीस तशीच ठेवलीय, फक्त मोरीचा नळ बदलला.

आता खरं सांगते. मला दीपकची भीती वाटते. मारत नाही गं, तसलं काही नाही. गणपतीनंतर त्याला रमाकांतशेठच्या गाडीवर काम लागलं, ते तुला कळवलंच होतं. शेठच्या पाच गाड्या आहेत. शिवडीच्या गोडाऊनमधून साबणाचे खोके भरायचे आणि पनवेल, वाशी असं पोचवायचं. पगार नाही, फेरीवर पैसे. लागला तेव्हा म्हणाला, शिवडी तर इथे आहे, रोज दोन फेऱ्या होतील, संध्याकाळी घरी. आता एकच फेरी होते. कधी तीही नाही. सकाळी अंघोळ करून जातो तो प्राची झोपल्यावर येतो. विचारलं कुठे होतास, तर म्हणतो, रांगेत उभा होतो. रोज तेच. रांगेत उभा होतो. आत्या, माणूस दिवसभर उभा राहून काय करतो? आणि उभा राहिला तर पैसे का नाहीत?

शर्टाचा वास घेऊन बघितला. डिझेलचा येतो. दुसरा कसला नाही. पण मी काय पोलीस आहे?

मागे त्याचं काम गेलं होतं तेव्हा तू तांदूळ पाठवले म्हणून आम्ही जेवलो. तेव्हा प्राची पोटात होती. परत तसं झालं तर मी काय करू? शेजारच्या सुनंदाताईंना सांगितलं नाही. तुलाच सांगते. दीपकला कळू देऊ नको.

तुझी,
अक्षदा


मिठबाव
११ डिसेंबर २०२४

अक्षदा बाय,

पत्र मिळालं. पोस्टमनने विचारलं, मुंबईचं पत्र, सगळं ठीक ना? मी म्हटलं, हो, सासूची तक्रार आहे. तुला सासू नाही हे त्याला कुठे माहीत.

नवऱ्याला पत्रात अरे-तुरे लिहितेस, चांगलं नाही दिसत. ते राहू दे. ‘रांगेत उभा होतो’ हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तुझे काका ‘ओव्हरटाइम होता’ म्हणायचे आणि मंडळाच्या खोलीत पत्ते कुटायचे. पुरुषमाणूस खोटं बोलतो तेव्हा रोज एकच वाक्य बोलतो. दुसरं सुचत नाही म्हणून.

तू असं कर. एक दिवस दुपारी डबा घे, प्राचीला घे, आणि शिवडीला जा. आधी सांगू नको. डबा आणला म्हणायचं. बायकोने डबा आणला तर कोण काय बोलणार? तिथे नसला तर समजायचं. असला तर पोटभर जेवू घालायचं. तिथे रडू नको. रडायचं असेल तर घरी येऊन नळ सोडून रड, मी तेच करायचे.

गाडीवरच्या माणसांच्या नादी लागून दारू पितो का ते बघ. डोळे बघ.

कोकम पाठवते.

कमल आत्या


लालबाग
२१ डिसेंबर २०२४

आत्या,

गेले होते. दारू नाही, कोणी बाई नाही, पत्ते नाहीत. तो खरंच रांगेत उभा होता.

टॅक्सीवाल्याला म्हटलं मोठं गोडाऊन, तर तो म्हणाला, ताई, ट्रक दिसायला लागले की समजा. आणि खरंच, गेट दिसायच्या किती आधी गाड्या सुरू झाल्या. एकामागे एक, भिंतीला लागून. डायव्हर कुठे गाडीखाली सावलीत बसलेत, कुठे टायरला टेकलेत. एकजण बनियान धुवून आरशाला वाळत घालत होता. दीपक गाडीतच होता. मला बघून त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याची चोरी पकडली. म्हणाला, तू कशाला आलीस? मी म्हटलं, डबा. म्हणाला, डबा तर मी नेला होता. आत्या, डबा नेला होता हे माझ्या डोक्यातच नव्हतं! मग तो हसला. मीही हसले. दोन डबे होते, मागच्या गाडीवरच्या दौलतकाकांना एक दिला. दौलतकाका शेठकडे सगळ्यात जुने.

मग दीपकने मला सगळं सांगितलं. रांगेत डायव्हर गाडीत नसला आणि पुढची गाडी सरकली, तर मागचे हॉर्न देतात, आणि नंबर गेला की शेपटाला जायचं. म्हणून गाडी सोडून जाता येत नाही. लघवीलासुद्धा. तिथे बाथरूम नाहीच, आतमध्ये आहे, पण आत गेल्यावर. मी म्हटलं, मी बसते गाडीत, तू जाऊन ये. तो गेला आणि नेमकी पुढची गाडी सरकली. आत्या, काय हॉर्न! प्राची किंचाळायला लागली, मी स्टेअरिंगला मिठी मारली, आणि ओरडले, मला गाडी येत नाही ओ! दौलतकाका धावत आले, चढले, गाडी चार हात पुढे घेतली आणि म्हणाले, पोरी, आता तू लायसन काढच.

आता पैशाचं. गाडी गेटच्या आत गेली की खिडकीवरचा माणूस चिठ्ठी फाडतो, त्यावर वेळ लिहितो. साबणाची कंपनी म्हणते, आमच्याकडे गाडी त्या वेळेला आली. बाहेर सकाळपासून उभी होती, ते कुठेच नाही. उभं राहण्याच्या पैशाला हे लोक हॉल्टिंग म्हणतात. कागदावर हॉल्टिंग आहे. पण ते आत आल्यावर धरतात, आणि आत गेल्यावर तर लगेच भरतात. म्हणजे कोणालाच कधी मिळत नाही. गाडी मागून लावतात तो ओटा, त्याला डॉक म्हणतात. असे दोन आहेत. एकावर कंपनीने रिकामे खोके रचून ठेवलेत. म्हणून एकच चालू.

मला आधी बरं वाटलं. खोटं बोलत नव्हता. पण मग तो म्हणाला, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, शेपटाला चिठ्ठी द्या, नाहीतर एक मार्चपासून गाड्या आत घेणार नाही. आत्या, आधी वाटायचं नवरा खोटारडा आहे. आता तो खरा आहे आणि काम जाणार आहे. ह्यातलं काय चांगलं?

अक्षदा


मिठबाव
३ जानेवारी २०२५

अक्षदा बाय,

दीपकरावांची माफी मागते, मनातल्या मनात. तू सांगू नको.

तुझे काका मिलमध्ये पहिली चार वर्षं बदली होते. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कोणी आलं नसेल तर आत घेणार, नाहीतर घरी जा. घरी आले तर त्या उभं राहण्याचा एक पैसा नाही. मी कधी विचारलं नाही. तेव्हा वाटायचं, उभं राहणं हे काम थोडंच आहे. तुझं पत्र वाचून विचार करत बसले.

पण ते ‘गाड्या आत घेणार नाही’ काढू देऊ नको. मी मिलचा संप बघितलाय. सगळे म्हणाले, दोन महिन्यांत मालक वाकेल. तुझे काका त्यानंतर वॉचमन झाले आणि मरेपर्यंत वॉचमनच राहिले. त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं, मला वाटायचं.

संक्रांत येते. शेठची बायको हळदीकुंकू करत असेल ना? मोठ्या घरच्या बायका करतातच, डायव्हरांच्या बायकांना बोलावतात, वाण देतात. जा. चांगली साडी नेस. बाईच्या कानात हळूच सांग, आमचा माणूस साधा आहे, दुसऱ्यांच्या नादाने बोलतो, सांभाळून घ्या. बायकांचं काम बायकांकडून होतं. जास्त बोलू नको. गप रव.

कमल आत्या


लालबाग
१ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तू म्हणालीस गप रव. मी काय केलं ते वाच आणि मग मला शिव्या दे.

शेठच्या घरी गेले. शिवाजी पार्कला, दुसरा मजला, मोठी बाल्कनी. आनंदीबाई म्हणजे शेठची बायको, एकदम चांगल्या. प्राचीला उचलूनच घेतलं. त्यांची सून सलोनी, ती जीन्स घालून कुंकू लावत होती पण प्रेमळ. मी वाट बघत होते बाई एकट्या कधी सापडतात. पण गर्दी. सगळ्या सोफ्यावर, आणि मी दौलतकाकांच्या बायकोजवळ कोपऱ्यात.

मग सलोनीने मोबाइल काढला आणि म्हणाली, आता सगळ्यांनी नाव घ्यायचं! मला सुनंदाताईंनी एक उखाणा पाठ करून दिला होता, तिळाच्या लाडवाचा. मी घरून येताना टॅक्सीत तोच म्हणत होते. माझी पाळी आली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मोबाइल माझ्या तोंडासमोर. आत्या, तिळाचा लाडू गेला. गुळाची गोडी गेली. डोक्यात फक्त ते शिवडीचं. आणि तोंडातून निघालं,

शिवडीच्या गेटाबाहेर गाड्यांची रांग,
दीपकराव दिवसभर उभे, त्याचे पैसे कोण देणार सांग!

देवाशपथ, मी ठरवलं नव्हतं. कुठून आलं माहीत नाही. सगळ्या आधी हसल्या. टाळ्यासुद्धा वाजल्या. दौलतकाकांची बायको तर ‘परत घे, परत घे’ म्हणायला लागली. मग आनंदीबाई हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, म्हणजे काय गं? उभं राहायचे पैसे मिळत नाहीत? मी म्हटलं, नाही नाही काकू, चुकून झालं. त्या म्हणाल्या, चुकून कसं होईल, यमक जुळलंय. आतल्या खोलीत शेठ पेपर वाचत होते. पेपर खाली आला. मी बघितलं.

वाण म्हणून स्टीलचा डबा मिळाला. तो मी जिन्यात विसरले, इतकी पळाले.

आणि अजून आहे. सलोनीने ते व्हिडिओ त्यांच्या घरच्या ग्रुपवर टाकले. तिथून कोणीतरी डायव्हरांच्या ग्रुपवर. काल दीपक घरी आला, दारातच हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, या, कवयित्रीबाई. रांगेत सगळे म्हणतायत म्हणे. खिडकीवरच्या माणसासमोरसुद्धा. तो हसत होता, आत्या! मी म्हटलं, अरे तुझं काम जाईल. तो म्हणाला, जाऊ दे, उखाण्याने गेलेलं पहिलं काम असेल.

मला रात्रभर झोप नाही. मी त्याला वाचवायला गेले होते.

अक्षदा


मिठबाव
१० फेब्रुवारी २०२५

अगो बाय माझे,

शिव्या देऊ की दृष्ट काढू?

तुझं पत्र यायच्या आधीच मला माहीत होतं. अजित मोबाइल घेऊन ओटीवर आला, म्हणाला, आजी, तुमची अक्षदा! मला तोंड हलताना दिसलं, ऐकू काही येईना. म्हटलं, काय म्हणते? तो माझ्या कानात ओरडला. मला तरी कळेना. परत ओरडला. तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा मला कळलं, आणि तोपर्यंत सगळ्या वाडीला पाठ झालं. आता पाणंदीतून जाते तर पोरं मला म्हणून दाखवतात. त्यांना शिवडी कुठे आहे हेही माहीत नाही.

मी तुला कानात सांगायला पाठवलं होतं. तू मोबाइलात सांगितलंस. पण हिरवी साडी चांगली दिसत होती. बारीक झालीस. दूध पाजतेस, खात जा.

आता जे होईल ते होईल. शेठला भेटायला जाऊ नकोस. माझे सल्ले आता नकोतच.

डबा विसरलीस तो मात्र घेऊन ये. वाण सोडू नये.

कमल आत्या


लालबाग
२२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

हे पत्र शांतपणे वाच. आधी सांगते, सगळे धड आहेत.

गोडाऊनच्या मॅनेजरपर्यंत, विनीत नाव त्याचं, तो व्हिडिओ गेला. त्याने शेठला फोन करून झापलं, तुमच्या डायव्हरांच्या बायका आमची बदनामी करतात म्हणून. परवा सकाळी शेठ टॅक्सी करून शिवडीला आले. रांगेत दीपकची गाडी शोधली आणि म्हणाले, चावी दे. आत्या, आमच्यात चावी दे म्हणजे झालं, घरी जा. दीपकने दिली.

मला काहीच माहीत नाही. मी आपली डबा घेऊन गेले, तो त्या दिवशी घरीच विसरला होता. जाऊन बघते तर दीपक खाली कट्ट्यावर, आणि गाडीत स्टेअरिंगवर शेठ!

झालं काय, चावी तर घेतली, पण दुसरा डायव्हर मोकळा नाही. दौलतकाका मागे रांगेत आपल्या गाडीवर, बाकी सगळे फेरीवर. ह्या गाडीचा माल त्याच दिवशी पनवेलला पोचला नसता तर कंपनीने दंड लावला असता. नंबर सोडला तर शेपटाला. म्हणून शेठ म्हणाले, मीच नेतो, मी तरुणपणी गोव्यापर्यंत गाडी नेलीय. बसले. आणि रांग हलेना.

मी गाडीच्या खिडकीखाली गेले. ठरवलं होतं पाया पडायचं. म्हटलं, शेठ, माझं चुकलं. ते माझ्याकडे बघतात, घामाने नुसते भिजलेले, आणि म्हणतात, बाई, इथे बाथरूम कुठे आहे?

दीपक कट्ट्यावरून म्हणाला, नाहीये शेठ. आतमध्ये आहे. शेठ म्हणाले, मग तुम्ही लोक काय करता? दीपक म्हणाला, धरून ठेवतो. आत्या, शेठना शुगर आहे. मी म्हटलं, तुम्ही जाऊन या त्या पलीकडच्या पेट्रोल पंपावर, मी बसते गाडीत, मला सवय आहे, सरकली तर दौलतकाका घेतील. ते गेले. परत आले ते हळूहळू चालत. मग मी दीपकचा डबा त्यांना दिला, शुगरवाल्यांना वेळेवर खायला लागतं ना. चवळीची उसळ आणि भाकरी होती. सगळं खाल्लं. म्हणाले, भाकरी तुम्ही थापली? मी म्हटलं हो. म्हणाले, आमच्याकडे आता पोळ्या विकत येतात. मग प्राचीला मांडीवर घेऊन हॉर्न वाजवू दिला त्यांनी. एकदाच.

ऊन उतरल्यावर गाडी गेटला लागली. खिडकीवरच्या माणसाने चिठ्ठी फाडली आणि तेव्हाची वेळ लिहिली. शेठ म्हणाले, मी सकाळपासून इथे आहे. तो म्हणाला, काका, आत आल्याचीच वेळ टाकतो आम्ही. शेठ म्हणाले, काका कोणाला म्हणतोस? तो म्हणाला, डायव्हर काका, लवकर करा, मागे गाड्या आहेत.

आत्या, शेठनी गाडी बंद केली. गेटातच. अर्धी आत, अर्धी बाहेर. चावी काढून खिशात टाकली आणि खाली उतरले. म्हणाले, सकाळची वेळ टाक, नाहीतर ही इथेच राहील. मागे हॉर्न सुरू झाले, मग ते कळलं तसे बंद झाले. एकेक डायव्हर उतरून पुढे आला. दुसऱ्या मालकांचेसुद्धा. कोणी आरडाओरडा केला नाही. दौलतकाका दीपकच्या कानात म्हणाले, आपली तारीख एक मार्च होती, शेठनी तर आधीच केलं.

मॅनेजर धावत आला. शेठ आणि तो आत गेले. दौलतकाका आणि दीपकही गेले. मला वाटलं होतं डायव्हरांना आत घेणार नाहीत, तर शेठच म्हणाले, ह्यांना येऊ दे, उभे हे राहतात. अंधार पडायच्या आत बाहेर आले. काही ठरलं नाही. कंपनी म्हणाली, वरच्यांना विचारून सोमवारी सांगतो, तोपर्यंत गाड्या भरा. डायव्हर म्हणाले, सोमवारी सांगा, तोपर्यंत आम्हीही भरत नाही. मग सगळ्यांनी आपापल्या गाड्या रिकाम्याच परत नेल्या. शेठची पण. ती शेठनीच चालवत नेली.

आणि चावी त्यांच्याच खिशात आहे. दीपकला दिली नाही. दीपक म्हणतो, विसरले असतील. मला तसं वाटत नाही. आज शनिवार. तो घरी बसून प्राचीला खेळवतो आणि मी सारखी जिन्याकडे बघते.

अक्षदा


मिठबाव
१ मार्च २०२५

अक्षदा,

तुझं पत्र आज मिळालं. तुझा सोमवार होऊन गेला आणि मला अजून काही कळलं नाही. अजितला म्हटलं, फोन लाव, तर तुमचा दोघांचा बंद. अजितला तीनदा लावायला सांगितलं, पण ते असू दे.

काम गेलं असेल तर घाबरू नका, सरळ इकडे या. आंबा मोहरलाय. दीपकरावांना इथेही गाडी मिळेल, मासळीच्या टेम्पोला माणूस लागतो. खोलीला कुलूप लावा. नळ नवा आहे तो बंद करून या.

मी देवळात गाऱ्हाणं घातलं. पुजाऱ्याने विचारलं, कशासाठी? म्हटलं, शिवडीच्या गेटासाठी. तो म्हणाला, असं गाऱ्हाणं कधी घातलं नाही, पण देव समजून घेईल. नारळ ठेवला.

आणि एक. त्या गाड्यांच्या संपाचं मी तुला ‘काढू देऊ नको’ लिहिलं होतं. तुझे काका असते तर त्यांनी मला ते लिहू दिलं नसतं. ते दीपकरावांच्या बाजूला जाऊन उभे राहिले असते. डबा मीच नेला असता.

लवकर लिही. चार ओळी चालतील.

कमल आत्या


लालबाग
१९ मार्च २०२५

आत्या,

चार ओळी नाही, जास्तच लिहिते, कारण सगळं चांगलं आहे. फोन बंद होते कारण प्राचीने माझा बादलीत टाकला आणि दीपकचा रिचार्ज संपला होता. तुला काळजीत टाकलं, सॉरी.

सोमवारी काहीच झालं नाही. मंगळवारी दुकानदारांचे फोन सुरू झाले असणार, साबण नाही म्हणून, कारण बुधवारी कंपनीने सगळ्या मालकांना आणि दोन डायव्हरांना बोलावलं. दौलतकाका गेले आणि दुसऱ्या मालकाचा अमित म्हणून एकजण. ठरलं असं. रांगेच्या शेपटाला एक माणूस बसणार, गाडी लागली की तिथेच चिठ्ठी फाडणार. पहिले दोन तास फुकट. पुढच्या प्रत्येक तासाचे पैसे, त्यातले अर्धे डायव्हरला. आमचे डायव्हर म्हणत होते सगळे आम्हाला. ते झालं नाही. दौलतकाका म्हणाले, अर्धे तर अर्धे, उभं तर मोजलं. आणि एक बाथरूम बाहेर. ते शेठनी मागितलं. अजून बांधलं नाही, पण विटा आल्यात.

चावी आनंदीबाईंनी आणून दिली. स्वतः आल्या, जिना चढून, धापा टाकत. मी विसरलेला वाणाचा डबा, त्यात तिळाचे लाडू, आणि लाडवांवर चावी. म्हणाल्या, साहेबांना स्वतः यायला लाज वाटते, त्यांच्याकडून हे. मग चहा प्यायल्या. आपली खोली बघून म्हणाल्या, किती टापटीप. मी म्हटलं, आत्याची आहे.

आता गंमत ऐक. आठवडाभर सगळ्यांनी हॉल्टिंग घेतलं. दीपकने प्राचीला पैंजण आणले. आणि मग कंपनीने काय केलं माहीत आहे? दुसऱ्या डॉकवरचे खोके उचलले. रात्रीतून. आता दोन्ही डॉक चालू. गाडी लागते न लागते तोवर भरून बाहेर. हॉल्टिंगच होत नाही! दौलतकाका डोक्याला हात लावून बसलेत, म्हणतात, इतकं भांडलो त्याच्यासाठी, आणि आता भेटतच नाही ते. दीपक म्हणतो, काका, दोन फेऱ्या मारा ना. मारतायत, पण कुरकुरत.

आणि माझं तर वेगळंच झालंय. दीपक रोज दिवेलागणीला घरी. रोज! इतके महिने मी म्हणत होते घरी ये, घरी ये. आता येतो आणि खोलीच्या मधोमध बसतो. मी पोळ्या लाटते तर म्हणतो, ही गोल नाही झाली. प्राचीला तो उलटी झोपवतो आणि म्हणतो, अशीच झोपवतात. दोन पातेली त्याने जागेवरून हलवलीत, मला सापडत नाहीत. सुनंदाताई म्हणतात, बघ, आता कळेल नवरा म्हणजे काय. त्याला म्हटलं, तू जरा रांगेत उभा राहून ये ना. हसून हसून लोळला.

पण आज मी एक केलं. प्राचीला त्याच्या मांडीवर टाकलं, म्हटलं, मी आत्याचं पत्र पोस्टात टाकून येते. म्हणाला, मी टाकतो. म्हटलं, नको, मी जाते. तर आता हे शेवटचं मी पोस्टाच्या बाहेर कट्ट्यावर बसून लिहिते. वहीचं पान आहे, अक्षर वाकडं आलंय. पेटी समोर आहे. पत्र बंद केलं की टाकायचं आणि जायचं.

पण मी अजून बसणार आहे थोडी. मसाल्याच्या दुकानातून मिरच्या कुटल्याचा वास येतोय, शिंका येतायत, आणि मला कोणी शोधत नाहीये. प्राची झाल्यापासून अशी एकटी मी कुठेच गेले नव्हते. घाबरत नाहीये, आत्या. घरी गेल्यावर परत घाबरेन कदाचित, प्राचीला त्याने काय खायला घातलं असेल म्हणून. पण आत्ता नाही.

समोरच्या हातगाडीवरून एक कुल्फी घेते. मग टाकते.

तुझी,
अक्षदा